मुलीच्या बोटांना जांभळा डाग – निकेल पॉर्फिरिन म्हणजे काय, धोका किती, आणि उपयोग तरी काय?

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, बारावी सायन्स झालो आणि पुढे केळीतच रमलो. मुलगी जळगावला एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा रविवारी घरी आली तर उजव्या हाताची दोन बोटं नखापासून पेरापर्यंत जांभळी. जांभळं खाल्ली म्हणावं तर अजून चैत्र चालूये. विचारलं तर म्हणे पप्पा हे टीपीपी आहे, टेट्राफिनाइलपॉर्फिरिन, आता त्यात निकेल घालायचंय, तोच माझा प्रोजेक्ट. रात्री मी मोबाईलवर निकेल शोधलं तर पहिलंच कॅन्सर आलं. तिच्या आईनं ते वाचलं आणि ताटावरून उठली.
मला तीनच गोष्टी विचारायच्यात. हे नेमकं काय आहे, त्याचा धोका किती, आणि एवढं करून ते कशाला लागतं. पोरगी म्हणते काही होत नाही, पण होस्टेलवरची सगळीच पोरं घरी असंच सांगतात.

तापीकाठ
दादा, ३० वर्षं केमिस्ट्री शिकवली, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. पॉर्फिरिन ही एक रिंग असते. पायरोल नावाच्या चार छोट्या रिंगा एकमेकींना जोडून एक मोठी चपटी रिंग होते, मधे भोक राहतं आणि त्या भोकाकडे तोंड करून चार नायट्रोजन बसलेले असतात. आपल्या जळगावचे सोनार अंगठीचा खडा चार नखांत पकडतात बघा, अगदी तसं. खडा कोणता बसला त्यावर सगळं ठरतं. मॅग्नेशियम बसलं की तुमच्या केळीच्या पानाचा हिरवा रंग, लोखंड बसलं की आपलं रक्त. बी-१२ मध्ये कोबाल्ट असतो, तिथली रिंग जरा वेगळी आहे पण घराणं एकच. तुमच्या मुलीच्या कोंदणात निकेल बसतंय.
शब्द ग्रीक आहे, पॉर्फिरा म्हणजे जांभळा रंग. बोटांवर दिसला तोच.

कळण्याची_भाकर
म्हणजे भरताच्या वांग्याचा जांभळा पण हाच का सर? आमच्या बामणोदची वांगी अशीच चकचकीत असतात.

तापीकाठ
नाही ताई, वांग्याचा रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात उतरतो. टीपीपी पाण्यात अजिबात विरघळत नाही, म्हणून तर साबणानं जात नाहीये. टीपीपी करणं तसं सोपं आहे, १९६७ मध्ये अॅडलर आणि लाँगो यांनी दिलेली पद्धत अजून सगळीकडे चालते. पायरोल आणि बेन्झाल्डिहाइड प्रोपिओनिक अॅसिडमध्ये अर्धा तास उकळायचं, अॅसिड १४१ डिग्रीला उकळतं, फ्लास्क शाईसारखा काळा होतो आणि वाटतं की सगळं जळलं. मग गार करून गाळलं की फिल्टर पेपरवर मोरपंखासारखे चमकणारे जांभळे खडे. फार तर २० टक्के मिळतं, बाकी सगळं डांबर. पण ते खडे पहिल्यांदा बघणारं पोर विसरत नाही.

भो_धुळेकर
मना डोकावरथीन गयं बठ्ठं. पण खडा नि कोंदण समजनं.

एमआयडीसी_शिफ्ट
मी केमिकल कंपनीत सेफ्टी बघतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं जरा सविस्तर लिहितो. निकेलच्या संयुगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९० मध्ये गट १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा आहे. पण तो पुरावा मुख्यतः निकेलच्या रिफायनरीत वर्षानुवर्षं धूळ आणि धूर फुफ्फुसात घेणाऱ्या कामगारांचा, फुफ्फुसाचा आणि नाकाच्या पोकळीचा कॅन्सर. बोटावर डाग पडला म्हणून कॅन्सर, असा अर्थ काढू नका. आणि दादा, ती स्वतःच म्हणतेय की निकेल अजून घालायचंय, म्हणजे रविवारच्या डागात निकेल नव्हतंच, नुसती रिकामी रिंग होती.
आता खरा हिशोब बघा. प्रोजेक्टला साधारण १ मिलिमोल टीपीपी घेतात, ६१५ मिलिग्रॅम. निकेल अॅसिटेट रेणूंच्या संख्येत पाचपट घेतात, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, त्यात निकेल सुमारे २९० मिलिग्रॅम. रिंगमध्ये बसणार जास्तीत जास्त ५९. उरलेलं २३० मिलिग्रॅम मोकळं निकेल धुण्याच्या पाण्यात जातं. रिंगमध्ये बसलेलं निकेल घट्ट असतं, बाहेर काढायला कडक सल्फ्युरिक अॅसिड लागतं. मोकळं निकेल तसं नाही, ते पाण्यात विरघळतं, कातडीला लागतं, ड्रेनेजमध्ये जातं. म्हणून काळजी आधी निकेल अॅसिटेटच्या हिरव्या पावडरच्या बाटलीची करा. वजन करताना पावडर उडू द्यायची नाही, मास्क लावायचा, आणि धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. कॉस्टिक सोडा घालून निकेल हायड्रॉक्साइड खाली बसवायचं आणि लेबल लावलेल्या कॅनमध्ये घातक कचरा म्हणून द्यायचं.
दुसरं, रिअॅक्शन डीएमएफमध्ये करतात, १५३ डिग्रीला उकळणारं द्रव. ते कातडीतून आत शिरतं, लिव्हरला त्रास देतं आणि गर्भाला घातक आहे. खरं सांगायचं तर या प्रोजेक्टमध्ये मला निकेलपेक्षा डीएमएफची भीती जास्त.

सावदा_एक्स्प्रेस
हीच रिंग रक्तात आहे, पानात आहे, मग नैसर्गिक वस्तूला एवढं काय घाबरायचं. पोटात गेलं तरी काही होणार नाही असं मला वाटतं.

एमआयडीसी_शिफ्ट
भाऊ असं लिहू नका, कोणीतरी वाचून खरं मानेल. रिंग तीच असली तरी खडा वेगळा आहे, आणि टीपीपी ही निसर्गातली रिंग नाही, तिच्या कडेला चार फिनाइल म्हणजे बेन्झीनच्या रिंगा लावलेल्या असतात. निकेल टीपीपीवर माणसांत काय होतं याची खास तपासणी झालेली नसते तेव्हा लॅबमध्ये नियम एकच, निकेलचं संयुग समजूनच हाताळायचं. लॅबमधलं काहीही तोंडात जाता कामा नये.

सुवर्णनगरी
वर सोनाराचा दाखला आला म्हणून लिहितो. व्हाइट गोल्डमध्ये पांढरेपणा यायला निकेल घालायची पद्धत आहे, आणि काही गिऱ्हाइकांच्या बोटाला त्याची खाज सुटते, लाल चट्टे उठतात. इमिटेशनच्या बांगड्या, पट्ट्याचं बक्कल, कानातले, सगळीकडे हाच त्रास. एकदा अंगाला निकेल नकोसं झालं की जन्मभर नकोसं. दादा, मुलीला कधी खोट्या कानातल्यांनी कान चिघळायचा त्रास झालाय का ते विचारा. झाला असेल तर तिनं निकेल अॅसिटेटला हात लावताना दुप्पट जपायचं.

केळीबाग_रावेर
हो! दहावीत असताना झाला होता, जत्रेतले झुमके घातले आणि दोन्ही कान पिकले. आई तेव्हापासून सोन्याच्याच रिंगा घालायला लावते. बरं झालं विचारलंत, हे तिच्या सरांना नक्की सांगायला लावतो.

यावल_७७
दादा सरळ प्रोजेक्ट बदलून घ्या. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचंय, लेकरंबाळं व्हायची. केमिकलमध्ये हात घालण्यापेक्षा कॉम्प्युटरवरचा विषय घ्यावा.

अमळनेरची_माई
यावल भाऊ, राग मानू नका पण हे मला पटलं नाही. डीएमएफ मुलाच्याही लिव्हरला तेवढंच लागतं. मी १९९८ ला एमएस्सी केलं, आमच्या वर्गात सहा मुली होतो, प्रत्येकीला कोणी ना कोणी हेच सांगितलं होतं. विषय काढून घ्यायचा नाही, फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं पंख्याचं कपाट) मागायचा, हातमोजे मागायचे, गॉगल मागायचा. तो तिचा हक्क आहे. दादा, तिला एवढंच विचारा की हूडचा पंखा चालू आहे का. माझ्या कॉलेजात दोन वर्षं बंद होता आणि आम्ही खिडकी उघडून पायरोलचं डिस्टिलेशन करायचो. संध्याकाळी डोकं एवढं दुखायचं की एसटीत खिडकीला कपाळ टेकवून यायचे. ते आता कोणाच्या मुलीच्या वाट्याला येऊ नये.
आणि डागाचं. अॅसिटोननं किंवा डीसीएमनं घासून काढू नकोस म्हणावं. रंग निघतो पण सॉल्व्हंट त्याला कातडीत आत ओढून नेतं. साबण लावून धुवायचं आणि वाट बघायची, दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी बदलते.

यावल_७७
माई बरोबर आहे तुमचं. माझ्या पुतणीला पण डीफार्मला हेच बोललो होतो मी. घेतो मागे.

भुसावळ_जंक्शन
डीसीएमवरून आठवलं. डायक्लोरोमिथेन ४० डिग्रीच्या आतच उकळतं, ३९.६. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला! पुण्यामुंबईच्या लोकांना हे सांगून पटत नाही, पण आमच्या लॅबमध्ये दुपारी सेपरेटिंग फनेल हलवला आणि झाकण दाबून धरलं नसतं तर छताला लागलं असतं. कॉलम (पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली काचेची नळी) लावला की सिलिकात बुडबुडे धरायचे, मधोमध चीर पडायची आणि सुंदर लाल पट्टा वाकडातिकडा व्हायचा. शेवटी सकाळी सहाला जाऊन नऊच्या आत कॉलम संपवायचो. मुलीला सांगा टोल्युइन वापर, नाहीतर सकाळच्या पारी काम कर, आणि डीसीएमची बाटली उघडायच्या आधी थंड कर, आत प्रेशर साठतं.

भो_धुळेकर
म्हणजे मे मा बाटली टेबलवर ठेवी तरी उकळी! गॅस भी नको नि चूल भी नको.

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे आभार. बायको आता शेजारी बसून वाचतेय. माईंचं वाचल्यावर म्हणाली मीच जाऊन पंखा बघून येते. आता तिसरा प्रश्न राहिला, हे लागतं कशाला?

चाळीसगाव_ते_जामनगर
मी रिफायनरीत आहे, आमच्याकडे हे निकेल पॉर्फिरिन न मागता येतं. कच्च्या तेलातच असतं ते. १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन शास्त्रज्ञानं तेलात आणि शेल नावाच्या खडकात पॉर्फिरिन शोधली आणि त्यावरून दाखवलं की तेल सजीवांपासून बनलंय. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेवाळाचं क्लोरोफिल चिखलात गाडलं गेलं, मॅग्नेशियम निघून गेलं, त्या रिकाम्या भोकात निकेल किंवा व्हॅनेडियम येऊन बसलं आणि आजपर्यंत टिकलं. वर शिफ्टवाल्यांनी घट्ट म्हटलंय ना, त्याचा पुरावा हाच. निकेल आणि व्हॅनेडियमचं प्रमाण बघून दोन तेलं एकाच उगमाची आहेत का हेही ताडतात.
अमेरिकेत युटामध्ये तर याचं खनिज सापडलंय, अॅबेलसोनाइट, १९७८ मध्ये त्याची नोंद झाली. ५ कोटी वर्षं जुन्या खडकात निकेल पॉर्फिरिनचे गुलाबी जांभळे स्फटिक. पानाचा खडक झालेला.
आमची डोकेदुखी अशी की हे निकेल क्रॅकिंगच्या (जड तेल तोडून पेट्रोल करायच्या) कॅटॅलिस्टवर म्हणजे उत्प्रेरकावर जाऊन बसतं, मग पेट्रोलऐवजी कोक म्हणजे कोळशासारखा कार्बन आणि हायड्रोजन जास्त पडतो. ते काबूत ठेवायला अँटिमनी सोडावं लागतं. आणि हे निकेल कसं निघेल याचा अभ्यास करायला शुद्ध नमुना लागतो, तो म्हणजे तुमच्या मुलीच्या फ्लास्कमधला निकेल टीपीपी. जगभर याच कामासाठी तो वापरतात.

कळण्याची_भाकर
पानातून मॅग्नेशियम निघून जातं हे आपण रोज बघतो की मग! पालकात आंबट चुका जास्त पडला की भाजी खाकी होते, ती हीच गोष्ट ना तापीकाठ सर?

तापीकाठ
अगदी हीच. आंबटपणानं मॅग्नेशियम बाहेर, दोन हायड्रोजन आत. ट्राइब्सनं खडकात जे पाहिलं त्याची पहिली पायरी तुमच्या कढईत होते. तुमच्यासारखी विद्यार्थिनी मला हवी होती.

गोबरगॅस_साक्री
चाळीसगावकर जमिनीखालचं बोलले, मी गोठ्यातलं सांगतो. आमच्याकडे २० वर्षं गोबरगॅस आहे, आधी लोखंडी टाकीचा होता, आता दीनबंधू घुमट. शेणातून मिथेन करणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांच्या पोटात जे एन्झाइम शेवटचं काम करतं त्याच्या मधोमध अशीच निकेलची रिंग आहे. तिला को-एन्झाइम एफ ४३० म्हणतात, ४३० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते म्हणून हे नाव, रंगानं पिवळी. त्यात निकेल आहे हे १९८० मध्ये कळलं. गाईच्या पोटात, भाताच्या चिखलात, डबक्यात, जिथे जिथे असे सूक्ष्मजीव मिथेन करतात तिथे तिथे हेच निकेल. आमच्या घरचा चहा रोज त्याच्यावर उकळतो. शेणात निकेल अगदी किंचित असतं पण ते नसेल तर गॅस मंदावतो, म्हणून दादा, निकेल म्हणजे नुसतं विष असं घरात सांगू नका.

तापीकाठ
अण्णा फार छान. एक बारीक दुरुस्ती, एफ ४३० ची रिंग टीपीपीसारखी पूर्ण दुहेरी बंधांची नाही, तिच्यात हायड्रोजन जास्त आहेत आणि ती लवचीक आहे, म्हणून तिच्यातलं निकेल इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करू शकतं. टीपीपीतलं निकेल त्या मानानं गप्प बसतं.

नंदुरबार_ओपीडी
मी डॉक्टर. पॉर्फिरिन इंजेक्शनमधून देऊन लाल लेझरनं कॅन्सरची गाठ मारतात, १९९३ मध्ये कॅनडात पहिल्यांदा त्या औषधाला परवानगी मिळाली. निकेल टीपीपी पण तिथे वापरतात का?

केळीबाग_रावेर
डॉक्टर, याचं उत्तर मुलगीच लिहिते म्हणाली, माझ्या खात्यावरून तिला लिहू देतोय.

नमस्कार, मी ती जांभळ्या बोटांची. निकेलवालं त्या उपचाराला चालत नाही सर. रिकाम्या रिंगवर प्रकाश पडला की ती काही काळ प्रकाशाची ऊर्जा धरून ठेवते आणि ती ऑक्सिजनला देते, तो ऑक्सिजन मग पेशी मारतो. निकेल आत बसलं की ऊर्जा पिकोसेकंदांतच (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) धातूकडे पळते आणि उष्णता होऊन संपते, ऑक्सिजनला द्यायला काही उरत नाही. पण म्हणूनच प्रकाशातून उष्णता करायच्या कामासाठी निकेल पॉर्फिरिन बघतात. विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायला आणि कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर करायला कॅटॅलिस्ट म्हणूनही त्याच्यावर काम चालू आहे, माझा विषय हायड्रोजनचा आहे.
आणि हे पिकोसेकंदांचं डोळ्यांनी दिसतं. पदार्थ वेगळे करायच्या सिलिकाच्या प्लेटवर टीपीपीचा ठिपका ठेवून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला की तो निखाऱ्यासारखा लाल पेटतो. परवा रिअॅक्शन लावली आणि दर अर्ध्या तासानं ठिपका घेत गेले. पहिल्यांदा झगझगीत लाल. मग दोन ठिपके दिसायला लागले, एक लाल पेटणारा आणि त्याच्या पुढे पळणारा एक काळपट, जो पेटतच नाही. प्रत्येक वेळी मागचा फिका आणि पुढचा गडद. तीन तासांनी टॉर्च मारला तर प्लेट पूर्ण अंधारी. म्हणजे सगळ्या रिंगांत निकेल बसलं. मी टॉर्च धरून उभीच राहिले, मागे मैत्रीण म्हणाली काय झालं, मी म्हटलं विझलं सगळं, झालं काम.
स्पेक्ट्रममध्ये (कुठला प्रकाश शोषला त्याचा आलेख) पण तसंच आलं, ४१९ नॅनोमीटरचा मोठा पट्टा ४१४ ला सरकला, आणि पुढचे चार छोटे जाऊन ५२८ ला एकच राहिला. एनएमआरला (चुंबकात ठेवून रेणूतले हायड्रोजन बघायची तपासणी) सॅम्पल पाठवलंय. निकेल इथे चौकोनात सपाट बसतं आणि चुंबकीय नसतं म्हणून एनएमआर स्वच्छ येतो, रिकाम्या रिंगमधल्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा, म्हणजे एन-एचचा, उणे २.८ चा सिग्नल गेला असला की पक्कं. शेवटी ५४० मिलिग्रॅम मिळालं, साधारण ८० टक्के. खडे जांभळेच, पण विरघळले की विटकरी लाल.

भुसावळ_जंक्शन
८० टक्के! अभिनंदन बेटा. कॉलम कशावर लावला?

केळीबाग_रावेर
(मुलगीच) टोल्युइनवर काका, सकाळी सव्वासहाला. तुमचं वाचूनच. पट्टा एकदम सरळ उतरला.
आता खरं ते पण सांगते. आमच्या हूडचा पंखा दिवाळीपासून बंद होता. आई बुधवारी आली, सरांना भेटली, शांतपणे एवढंच म्हणाली की पंखा सुरू झाला की पोरगी काम करेल. शुक्रवारी इलेक्ट्रिशियन आला आणि दुपारी हूड सुरू झाला. रिअॅक्शन मी त्याच्यानंतरच, शनिवारी लावली. धुण्याचं पाणी आधीच्या वर्षांची पोरं बेसिनमध्येच ओतायची, आता खिडकीखाली पाच लिटरचा कॅन ठेवलाय, त्यावर निकेल लिहिलंय. हातमोजे पप्पांनी नायट्राइलचे आणलेत, शंभरचा डबा.

एमआयडीसी_शिफ्ट
आईंना माझा नमस्कार सांग. एक महत्त्वाचं, नायट्राइलमधून डीएमएफ आणि डीसीएम काही मिनिटांतच आरपार जातं. निकेलच्या पावडरसाठी ते हातमोजे उत्तम, पण डीएमएफ ओतताना वरून ब्युटाइल रबरचे घाल, आणि थेंब जरी पडला तरी लगेच काढून टाक, काम संपेपर्यंत थांबू नकोस. तुला निकेलची अॅलर्जी आहे, त्यामुळे मनगटाशी फट राहू देऊ नकोस.

केळीबाग_रावेर
(आता मी) ब्युटाइलचे जळगावात मिळाले नाहीत, मागवलेत. एक राहिलं सांगायचं. काल रात्री पोरीनं तो टॉर्च घरी आणला. बागेतलं केळीचं कोवळं पान खलबत्त्यात कुटलं, इंजेक्शनच्या वेळी लावतात त्या स्पिरिटमध्ये भिजवलं, कापडानं गाळून काचेच्या ग्लासात घेतलं. हिरवंगार पाणी. मग लाईट बंद करून टॉर्च मारला आणि ते हिरवं पाणी रक्तासारखं लाल पेटलं. चाळीस वर्षं झाली मला केळीत, एवढी पानं कापली, ढोरांना टाकली, पंगतीला मांडली, त्यात हे आहे हे माहीत नव्हतं. तिची आई म्हणाली परत दाखव. चार वेळा दाखवलं.

कळण्याची_भाकर
टॉर्च कुठला घेतला? मी पालकावर करून बघते.

केळीबाग_रावेर
नोटा तपासायचा साधा, बाजारात मिळतो. डोळ्यात मारू नका आणि स्पिरिट गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा.